ताल साधणे आणि ताल सांभाळणे

माणसाचे कौशल्य वाढले म्हणजे माणूसही वाढला, असे म्हणता येते काय? प्रश्न जुना आहे. ग्रीक तत्त्वचिंतकांनी तो तंतुवाद्य वाजविणाऱ्याच्या संदर्भात विचारला होता. आज तोच प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातील आपल्या घराघरांत निराळ्या वेषात येऊन बसला आहे. मुलगा मोबाइल घेऊन कोपरा धरतो, कानांत इअरफोन घालतो आणि पडद्यावर वरून खाली घसरत येणाऱ्या पट्ट्यांवर बोटे आपटीत राहतो. आईने तिसऱ्यांदा हाक मारली तरी त्याला ती ऐकू जात नाही. विचारले तर अभिमानाने सांगतो की, गेल्या आठवड्यात जे गाणे अर्धेही पार होत नव्हते, त्यात आता एकही ठोका चुकत नाही. यावर बाप वऱ्हाडी रोखठोकपणे म्हणतो, "मंग त्याचा उपेग काय?" या उद्गारात त्रागा असला तरी प्रश्न खरा आहे, आणि त्याचे उत्तर शोधावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ज्या वाचकांनी हे खेळ पाहिले नसतील त्यांच्यासाठी थोडे सांगावयास हवे. या खेळांत शत्रू नसतो, मारामारी नसते. गाणे वाजत असते आणि त्याच्या ठोक्यांनुसार पडद्यावर खुणा सरकत येतात. खूण ठरावीक रेषेवर पोहोचताच बोट, पाय किंवा हात हलवायचा. क्षण साधला तर गुण, हुकला तर चूक. या खेळांची घडण मुख्यत्वे जपानमध्ये झाली. १९९६ साली तेथे 'पॅरापा द रॅपर' आला, १९९७ मध्ये कोनामी कंपनीचा 'बीटमेनिया' आणि १९९८ मध्ये पायांनी खेळावयाचा 'डान्स डान्स रेव्होल्यूशन'. २००५ साली अमेरिकेत हार्मोनिक्स या संस्थेने घडविलेला 'गिटार हिरो' निघाला. २००७ मध्ये 'ओसू' हा संगणकावरील खेळ आणि २०१४ मध्ये मोबाइलवरील 'पियानो टाइल्स' आला. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले, आणि जे खेळ एके काळी टोकियोच्या खेळघरांत नाणी टाकून खेळले जात, ते पुसद, वणी, पांढरकवडा येथील मुलांच्या तळहातावर आले.

आता या खेळात प्रगती कशी होते ते पाहू. कारण एखाद्या कौशल्याची नैतिक किंमत ठरवण्यापूर्वी ते कसे कमावले जाते हे पाहणे न्यायाचे होय. 'ओसू'मध्ये अचूकतेच्या पातळ्या आहेत. दहाव्या पातळीला सर्वोच्च गुण हवे असतील तर बोट ठोक्याच्या मागेपुढे २० मिलिसेकंदांच्या आत पडावे लागते. २० मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग. एवढी सूक्ष्मता घाईने येत नाही. जाणता खेळाडू प्रथम यंत्र जुळवून घेतो. ब्लूटूथ इअरफोनमधून आवाज कानापर्यंत यायला काही क्षणांश उशीर होतो. तो मोजून खेळात दुरुस्ती केली नाही, तर हात बरोबर असूनही सगळे ठोके चुकीचे ठरतात. मग तो अवघड तुकडा वेगळा काढतो, सोय असेल तेथे गती कमी करतो आणि तो तुकडा शांतपणे पुन:पुन्हा वाजवितो. तो नुसते गुण पाहत नाही. आपण ठोक्याच्या आधी पडतो की नंतर, हे पाहतो. एकाच गाण्यावर अडून राहिला तर हाताला चुकीचीच सवय लागते, म्हणून थोडी सोपी आणि थोडी अवघड गाणी आलटून पालटून घेतो. बोटे आखडली की थांबतो, कारण ताणलेला हात ताल धरू शकत नाही.

तबल्याच्या शिक्षकाला यात नवे असे काहीच वाटणार नाही. ठेका आधी ठाय लयीत पक्का करावा, मग दुगुन, मग चौगुन, हा क्रम आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. धीर, एकाग्रता, चूक मान्य करण्याची तयारी, आजच्यापेक्षा उद्या किंचित बरे करण्याची जिद्द, हे गुण रियाजाला लागतात तसेच या खेळालाही लागतात. मुलाची आई त्याला आळशी म्हणते. पण ज्या तासात तो आळशी दिसतो, त्याच तासात कदाचित तो दिवसभरातील सर्वांत अधिक मन लावून काम करीत असतो.

यंत्राच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. यंत्र तोंड पाहून गुण देत नाही. कापसाच्या व्यापाऱ्याचा मुलगा आणि झरी जामणीच्या कोलाम पोडावरचा मुलगा यांचे ठोके ते एकाच मापाने मोजते. आडनाव विचारीत नाही, इंग्रजी येते का हे पाहत नाही, वशिला मानीत नाही. ज्या मुलाला वर्गात कोणी पुढे बोलावले नाही, त्याला पडद्यावर प्रथमच कळते की कष्ट केले तर आपल्यालाही जमते. माणसांच्या न्यायात इतके डाग असताना या कोरड्या निःपक्षपातीपणाला तुच्छ लेखणे आपल्याला शोभणार नाही.

"उपेग काय?" या प्रश्नाचे पहिले उत्तर असे की, प्रत्येक गोष्टीला उपयोग असलाच पाहिजे असे नाही. आपला जिल्हा कापूस आणि सोयाबीनचा. पावसाने दगा दिला, भाव पडले की घर हादरते, हे येथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. अशा ठिकाणी खेळात गेलेला वेळ चोरलेल्या वेळेसारखा वाटतो. तरीही तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या महाग्रंथात खेळाविषयी स्वतंत्र विवेचन केले आहे. खेळातही सद्गुण असू शकतो काय, असा त्यांचा प्रश्न होता आणि त्यांचे उत्तर होकारार्थी आहे. तेथे ते संत योहानाची एक जुनी कथा देतात. संत योहान शिष्यांसह खेळत असलेले पाहून काही लोकांना ते खटकले. तेव्हा योहानाने त्यांच्यातील एका धनुर्धराला बाण सोडावयास सांगितले. त्याने अनेक बाण सोडल्यावर विचारले, असे सतत करता येईल काय? तो म्हणाला, तसे केले तर धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच आहे, असे योहानाने त्याला समजाविले. अक्वायनस एवढ्यावर थांबत नाहीत. खेळाचा अतिरेक हा दोष, तसाच खेळाचा पूर्ण अभाव हाही दोष, असे ते म्हणतात. जो स्वतः हसत नाही आणि दुसऱ्याच्या आनंदात विरजण घालतो, तो इतरांना भार होतो. तेव्हा खेळाला प्रमाण हवे, वेळ हवी. पण खेळ म्हणजे पाप नव्हे.

तथापि येथेच समाधान मानून थांबता येत नाही. मुलगा खेळतो, चांगले खेळतो, हे ठीक. परंतु या सरावातून जो धीर आणि जी एकाग्रता येते, ती त्याच्या बाकीच्या आयुष्यात उतरते काय? अनेक पालक अशी आशा बाळगतात आणि अनेक मुले तसा दावाही करतात. या बाबतीत एक जुना प्रयोग विचार करावयास लावणारा आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात एका विद्यार्थ्याला अंकांच्या रांगा ऐकवून त्या लगेच म्हणावयास सांगत असत. आरंभी त्याला सुमारे सात अंक आठवत. दीड वर्षाहून अधिक काळ नियमित सराव केल्यावर तो जवळजवळ ऐंशी अंक बिनचूक सांगू लागला. १९८० साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. पण अंकांऐवजी अक्षरे दिली तेव्हा त्याची मजल पुन्हा सहा अक्षरांच्या आसपासच राहिली. त्याची स्मरणशक्ती वाढली नव्हती. एक विशिष्ट हातोटी त्याने कमावली होती. कौशल्य असे आपापल्या कुंपणात राहते. पडद्यावरील पट्ट्यांसमोर धीर धरणारा मुलगा लहान बहिणीला गणित समजावताना धीर धरीलच, असे नाही. त्यासाठी वेगळा सराव लागतो.

संत ऑगस्टीन यांनी इ. स. ३८७ च्या सुमारास संगीतावर एक ग्रंथ लिहावयास घेतला. सहा भागांचा हा ग्रंथ बव्हंशी तालाविषयीच आहे. त्याच्या पहिल्याच भागात गुरू आणि शिष्य यांच्यात अशी चर्चा होते की, ज्या वादकाची बोटे सवयीने चपळ झाली आहेत त्याला संगीताचे ज्ञान आहे, असे म्हणावे काय? बोटांची चपळाई सरावातून येते, ज्ञान वेगळे, असा निष्कर्ष तेथे निघतो. पक्षीही सुस्वर गातो. पण आपण काय करीत आहोत हे त्याला उमगलेले नसते. ऑगस्टीनचा हा भेद आपल्या प्रश्नाला लागू पडतो. मुलाची बोटे शिकली. मुलगा काय शिकला?

या प्रश्नाचे उत्तर शोधावयास फार दूर जाण्याचे कारण नाही. विदर्भात खंजिरी भजनाची परंपरा अजून जिवंत आहे. लाकडी कडे, एका बाजूला ताणलेले चामडे, कडेला पितळी चकत्या, असे हे साधे वाद्य राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९ ते १९६८) गावोगावी पोहोचविले. १९५५ साली जपानमध्ये भरलेल्या विश्वधर्म परिषदेला ते गेले तेव्हाही खंजिरी त्यांच्यासोबत होती. विदर्भाची खंजिरी जपानला गेली आणि चार दशकांनी जपानचा ताल यंत्रात बसून आपल्याकडे निघाला, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. मात्र दोन्ही तालांत एक महत्त्वाचा फरक आहे. पडद्यावरचा ठोका कोणासाठीही थांबत नाही. भजनातला ठोका थांबतो. मंडळात एखादा म्हातारा असतो ज्याचा श्वास पुरत नाही; एखादा पोरगा असतो जो उत्साहात पुढे धावतो. जाणता खंजिरीवाला दोघांनाही ऐकत असतो. तो पोराला नकळत मागे ओढतो, म्हाताऱ्याची ओळ पुरी होईतो सम किंचित लांबवितो आणि मग सगळ्यांना घेऊन पुढे निघतो. पुसद, दिग्रस भागातील तांड्यांवर होळीला लेंगी गाताना डफ वाजविणाराही हेच करतो. त्याचा ताल गोलात नाचणाऱ्यांच्या पायांकडे पाहून चालतो.

हे सर्व यंत्राच्या मापाने मोजले तर काय निघेल? जाणत्या खंजिरीवाल्याचे कितीतरी ठोके चुकलेले निघतील. आणि येथे ॲरिस्टॉटलची एक सूक्ष्म सूचना आठवते, जी पुढे अक्वायनस यांनीही स्वीकारली. कलेच्या क्षेत्रात जाणूनबुजून चुकणारा हा न कळत चुकणाऱ्यापेक्षा श्रेष्ठ. सदाचाराच्या क्षेत्रात मात्र जाणूनबुजून चुकणारा अधिक वाईट. कलावंताने मुद्दाम चूक केली तर बरोबर काय ते त्याला ठाऊक असते, म्हणून ती चूक त्याच्या कलेला उणेपणा आणीत नाही. खंजिरीवाला म्हाताऱ्यासाठी ठोका लांबवितो तेव्हा काटेकोर तालाच्या दृष्टीने ती चूक होय; पण ती त्याने निवडलेली चूक आहे आणि तिच्यामागे दुसऱ्याविषयीचा कळवळा आहे. त्याची कला येथे सद्गुणाच्या सेवेला लागली. कला कामाला चांगले करते आणि सद्गुण करणाऱ्यालाच चांगले करतो, असा अक्वायनस यांचा भेद आहे. तो आपल्या लोकांनी ग्रंथ न वाचता, भजनाच्या बैठकीत बसून जाणला आहे.

ताल साधणे ही एक गोष्ट आणि ताल सांभाळणे ही दुसरी. पण पहिलीवाचून दुसरी शक्य नाही, हेही तितक्याच आग्रहाने सांगितले पाहिजे. ज्याला ठेका पक्का येत नाही तो दुसऱ्यासाठी थांबू शकत नाही. तो नुसता भरकटतो. आपल्या काही गायकवृंदांत सराव न करता उभे राहण्याची सवय आहे आणि ताल सुटला की 'भाव महत्त्वाचा' असे म्हणून वेळ मारून नेली जाते. ही नम्रता नव्हे. एकाच तुकड्यावर तासभर बसणारा मोबाइलवरचा मुलगा अशा वेळी आपल्यापेक्षा प्रामाणिक ठरतो. आपल्या हयगयीला प्रेमाचे नाव देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आता जे खरोखर पणाला लागले आहे त्याकडे वळू. अमरावती धर्मप्रांत १९५५ साली स्थापन झाला आणि यवतमाळ जिल्हा त्याच धर्मप्रांतात येतो. येथील आपली कुटुंबे संख्येने थोडी आणि विखुरलेली आहेत. लहान धर्मग्रामात गायकवृंद म्हणजे चार-दोन मुली, एक पेटी आणि एक ढोलक. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ साली उपासनाविधीविषयक संविधानात भाविकांच्या सक्रिय सहभागावर भर दिला आणि लोकांनी गावे अशी अपेक्षा व्यक्त केली. आपल्याकडे हे गाणे बहुतांशी म्हाताऱ्या आयाबायांनी टिकविले. त्यांना गाणी पाठ आहेत. पण त्यांची लय सावकाश आहे. ढोलकावर बसलेला तरुण यंत्राच्या तालावर तयार झालेला असेल, तर तो त्यांच्यापुढे निघून जातो. त्याचे चुकत काहीच नाही. प्रत्येक थाप मोजून पडते. दोन-तीन रविवार त्या बाया त्याच्यामागे धावतात. मग हळूच पुटपुटू लागतात आणि काही दिवसांनी गप्प बसतात. ताल बिनचूक राहिला आणि देवळातील गाणे संपले. हे नुकसान कोणत्याही पडद्यावर दिसत नाही.

माणसाचा ताल मुळात एकमेकांच्या आधारानेच चालतो. मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत एक मौजेची गोष्ट आढळली आहे. यंत्राच्या टकटकीबरोबर बोट आपटावयास सांगितले, तर बहुतेकांचे बोट ठोक्याच्या किंचित आधीच पडते. म्हणजे ताल धरणे हे मुख्यतः अपेक्षेचे काम आहे. पुढचा ठोका कोठे येईल हे मन आधीच गृहीत धरते. ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मनिवेदनात स्तोत्र म्हणणाऱ्या माणसाचे उदाहरण देऊन हेच सांगितले आहे: म्हणावयाचा भाग अपेक्षेत असतो, म्हटलेला स्मृतीत जातो, आणि लक्ष दोहोंच्या मध्ये उभे असते. यंत्राबरोबर ही अपेक्षा एकतर्फी असते. आपण त्याची वाट पाहतो, ते आपली पाहत नाही. दोन माणसे एकत्र ताल धरतात तेव्हा मात्र दोघेही क्षणोक्षणी किंचित सरकून एकमेकांना सावरतात. तेथे अपेक्षा दुहेरी होते. दुसऱ्याची वाट पाहणे आणि आपलीही कोणी वाट पाहील असा भरवसा असणे, हे ज्या मुलाला कधी अनुभवालाच आले नाही, तो कितीही निपुण झाला तरी एकटाच राहील.

मग बापाने काय करावे? मोबाइल हिसकावून घेणे सोपे आहे. परंतु त्याने मुलाचा ताल जाईल आणि हाती राग तेवढा उरेल. आम्हाला वाटते, प्रथम त्याच्या शेजारी बसून तो काय करतो ते पाहावे आणि त्याचे कष्ट मान्य करावे. मग वेळेची मर्यादा घालावी, कारण धनुष्य सैल सोडण्यासाठी जे घेतले तेच धनुष्य ताणू लागले, तर त्याचा हेतू फसला. त्यानंतर त्याला ढोलक द्यावी, किंवा खंजिरी, किंवा नुसती झांज. रविवारी त्याला आजीच्या जवळ बसवावे आणि सांगावे, "बाबू, आजीचा आवाज ऐक. तिची ओळ संपली की मंग समेवर ये." पहिल्या दिवशी त्याला हे फार अवघड जाईल. पडद्यावर खूण दिसत होती. आजीच्या श्वासाची खूण पडद्यावर येत नाही, ती ऐकावी लागते. येथे गुण कोणी देणार नाही. आपण साधले की नाही, हे त्याला एकाच गोष्टीवरून कळेल: आजी शेवटच्या कडव्यापर्यंत गात आहे काय.

ॲरिस्टॉटलने असेही म्हटले आहे की, वाद्य वाजवूनच चांगले वादक घडतात आणि वाद्य वाजवूनच वाईट वादकही घडतात. सराव आपल्याला कोठे नेतो, हे आपण कशाचा सराव करतो यावर ठरते. आपल्या मुलांना ठोका साधण्याचा सराव आज भरपूर मिळतो आणि तो वाया जातो असे आम्ही म्हणणार नाही. दुसऱ्यासाठी तो ठोका सांभाळण्याचा सराव मात्र कोणतेही यंत्र त्यांना देऊ शकत नाही. तो घरात, शेतात, भजनात आणि देवळात, सावकाश चालणाऱ्या माणसांच्या सोबतीनेच मिळतो. ती माणसे अजून आपल्यात आहेत आणि अजून गात आहेत. मुलांना त्यांच्या शेजारी बसवण्याचे काम आपले आहे.